लढाई लागली काहून

पहिल्या महायुद्धाचं कारण म्हणून 'ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून' एवढंच लिहिणाऱ्या मुलाला आमच्या शाळेतले इतिहासाचे सर शून्य द्यायचे. शून्याशेजारी लाल शाईनं एकच वऱ्हाडी शब्द लिहायचे : 'काहून?' म्हणजे 'का?'

त्या शब्दावरून साऱ्या नेर गावात त्यांचं नाव 'काहून मास्तर' पडलं होतं. तोंडावर कोणी म्हणत नसे. एकदा पोस्टमनच्या तोंडून निघून गेलं, "काहून मास्तर, तुमचं पत्र," आणि त्यानं जीभ चावली. सर म्हणाले, "चावू नका. बारशाला ठेवलेल्या नावापेक्षा हे बरं आहे."

त्यांच्या शून्यांची तक्रार वर गेली आणि एका वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी उत्तरपत्रिका मागवल्या. मी त्याच शाळेत भूगोल शिकवायचो आणि तेव्हा त्याच खोलीत नकाशे गुंडाळत होतो.

"पुस्तकात हेच कारण दिलं आहे," साहेब म्हणाले.

"पुस्तकात निमित्त दिलंय साहेब. कारण नाही दिलं."

"त्यात फरक काय?"

सरांनी खिडकीतून बाहेर बोट केलं. समोर जिनिंगचं आवार होतं आणि आत कापसाच्या गंज्या. "तिथं फाटकाशी बिडी ओढत माणसं रोज उभी असतात. एखाद्या दिवशी गंजी पेटली तर दोष बिडीचा, कबूल. पण बिडी तर रोजच पेटते. गंजी रोज काहून पेटत नाही? आणि एक पेटली की सगळ्या पेटाव्यात अशा एकीला एक खेटून त्या लावल्या कोणी? पोरांनी मला ते सांगावं. बिडीचं मलाही माहीत आहे."

 जाताना साहेबांनी शेरा लिहिला, 'शिक्षक अभ्यासू आहेत, परंतु गुणदानात कठोर.' सर तो शेरा पुढे सगळ्यांना दाखवायचे आणि म्हणायचे, "'परंतु'च्या आधीचं वाचा."

उंच, पुढे वाकलेले, धोतर आणि गळाबंद कोट. कोटाच्या दोन्ही खिशांत खडू. त्यामुळे खिसे कायम पांढरे. खडू हातात आला की त्यांना फळाच लागायचा असं नाही. विहिरीचा कठडा, हॉटेलचं बाकडं, जे समोर असेल त्यावर ते युरोप काढायचे. एकदा बाजारात एका कास्तकाराला काही समजावताना त्याच्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, फळीवर काढला. तो माणूस तसाच माल घेऊन अमरावतीला जाऊन आला आणि परत आल्यावर सरांना म्हणाला, "मास्तर, रशिया पुसला गेला जी रस्त्यात. बाकीचं हाये."

वर्तमानपत्र ते पंधरा दिवसांचं जुनं वाचत. हॉटेलवाल्याकडून ताजा अंक आला तर तो घडी करून ठेवून द्यायचे. "ताजी बातमी म्हणजे कच्ची कैरी. दात आंबतात, पोट भरत नाही. मुरू द्या." त्यामुळे हॉटेलात सगळे आजच्या बातमीवर भांडत असत आणि सर मागच्या पंधरवड्याच्या बातमीवर, एकटेच.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आदल्या वर्षी मी त्या शाळेत भूगोलाचा शिक्षक म्हणून रुजू झालो. तीन वर्षांपूर्वी बाबांनी आम्हा सगळ्यांना पांढरे कपडे घालून नागपूरला नेलं होतं आणि आम्ही बौद्ध होऊन घरी परतलो होतो. घराण्यात पगारी नोकरी मिळवणारा मी पहिला. नोकरी मिळाली, पण राहायला खोली मिळेना. पाच ठिकाणी विचारलं. आडनाव सांगितलं की ती खोली कालच कोणाला तरी दिलेली असायची. आठवडाभर मी शाळेत, नकाशे ठेवायच्या खोलीत झोपलो. एका सकाळी सर काही शोधायला आत आले तर मी अंथरुणाची गुंडाळी करत होतो, आणि भिंतीवर पाचही खंड टांगलेले.

"इथं राहता?"

मी काय ते सांगितलं.  संध्याकाळी मला घेऊन ते आपल्या घरमालकिणीकडे गेले. साठीच्या विधवा बाई. सारी गल्ली त्यांना काकी म्हणे. त्यांच्या घराची रस्त्याकडची एक खोली सरांकडे होती आणि तिच्या शेजारची रिकामी होती.

काकींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माही काई हरकत नाही मास्तर. पण गल्ली हाये ना. गल्ली काय म्हणन?"

सरांचे डोळे चमकले. "गल्ली म्हणजे कोण?"

"म्हंजे हेच. सारे."

"सारे म्हणजे किती?"

"नऊ घरं हायेत."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सर एक कागद घेऊन निघाले आणि मला म्हणाले, चला. मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. नऊ दारांपुढे उभं राहून स्वतःबद्दल विचारलं जाताना ऐकायचं, हे सोपं नव्हतं. मी त्या दिवशी सरांवर मनातून फार रागावलो होतो. ते मात्र प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारत, "हे आमच्या शाळेचे नवे मास्तर. काकींकडे राहणार आहेत. तुमची हरकत आहे का?"

पहिल्या घरातले म्हणाले, "आमची नाही जी. पण समोरच्यायले चालणार नाही." समोरचे म्हणाले, "आमी कायले नाही म्हणू? पण काकीचंच मन नसन." तिसऱ्यांनी चौथ्यांचं नाव घेतलं, चौथ्यांनी पहिल्यांचं. असं करत आठ घरं झाली. नवव्या घरात एक निवृत्त पटवारी होते. ते म्हणाले, "माही हरकत हाये. मले चालत नाही."

सरांनी त्यांना हात जोडले. "आभारी आहे. स्वतःचं मत सांगणारे तुम्ही एकटेच भेटलात."

परत येताना सर आनंदात होते. "पाहिलंत? आठ घरं एकमेकांना भिऊन होती. कोणालाच नको नव्हतं, पण प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याला नको आहे. युरोपात अगदी हेच झालं होतं. पण नववा माणूस भीत नाही. त्याला खरंच नको आहे. माझ्या मांडणीत हा बसत नाही. याचा अभ्यास केला पाहिजे."

"सर," मी म्हणालो, "अभ्यास मागून करा. मी राहू कुठं ते सांगा."

ते थांबले. माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं असावं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माफ करा. माझं हे असंच होतं."

काकींना त्यांनी कागद वाचून दाखवला. आठ घरांची हरकत नाही. काकी म्हणाल्या, "हाव? मंग मी उगीच भेऊन राह्यलती का?" त्याच दिवशी मी ट्रंक घेऊन राहायला गेलो आणि पुढची सात वर्षं तिथंच राहिलो. पटवारीसाहेब दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या वर्षी एकदा त्यांनी मला ओट्यावरूनच विचारलं, "मास्तर, नक्षत्रं खरी का तुमच्या भूगोलातला मान्सून?" तिथून बोलणं सुरू झालं. सरांना सांगितलं, तर विचार करून म्हणाले, "म्हणजे तोही बसतो. पण दोन वर्षांनी."

सरांच्या खोलीत एका भिंतीवर रंगीत खडूंनी जाळं काढलेलं होतं. महायुद्धाच्या आधी कोणता देश कोणाला भीत होता, कोणी कोणाला शब्द दिला होता, कोणाच्या घरात काय धुमसत होतं, सगळ्याच्या रेघा. दिवाळीच्या तोंडावर काकी चुन्याची बादली घेऊन आत आल्या. "भिताड हाये हे का जाळं? पुसा."

सरांनी पुसायच्या आधी ते समजावून घ्यायची विनंती केली. काकी बादली खाली ठेवून बसल्या आणि तासभर त्यांनी महायुद्ध ऐकलं. जर्मनी त्यांना चटकन समजला. सर म्हणाले, "हा नवा पैसेवाला झालेला. त्यानं माडी बांधायला घेतली. आणि हा इंग्रज, जुना देशमुख. नवा म्हणतो, मला ओसरीवर बस म्हणत नाहीत. जुना म्हणतो, आज ओसरी मागतो, उद्या घर मागेल. त्याला झोप येईना."

"आपल्या इथी बी असंच हाये," काकी म्हणाल्या.

"आणि हे सगळे एकाच कासऱ्याला बांधलेल्या बैलांसारखे. एक बुजला की बाकीचे ओढले गेले."

काकींनी भिंतीकडे बोट केलं. "म्हंजे हा याले भेते, तो त्याले भेते. मंग यायच्यात कोणी म्हातारा नव्हता का, समजावणारा?"

"नव्हता काकी."

"गावाले पाटील हाये, घराले म्हातारा हाये. अन् येवढाल्या देशायले कोणीच नाही? बापा!"

सर नंतर मला म्हणाले की हीच गोष्ट सांगायला मोठमोठ्या विद्वानांना अख्खं पुस्तक लागतं. तडजोड अशी झाली की तीन भिंतींना चुना लागला आणि चौथी राहिली. वर्गात मात्र त्या दिवसापासून "आमच्या काकी म्हणतात" असा हवाला सुरू झाला.

सर वर्गात तीन बोटं वर करून शिकवायचे. पहिलं बोट म्हणजे माणूस : राजाचा लोभ, सेनापतीची घमेंड. दुसरं बोट म्हणजे घर : ज्याच्या घरात धुसफूस, तो शेजाऱ्याशी भांडण उकरतो, म्हणजे घरातले गप्प बसतात. तिसरं बोट म्हणजे गाव : वर कोणी पाटील नाही, मग जो तो आपल्या दाराशी काठी ठेवतो, आणि त्याची काठी बघून शेजारी दोन ठेवतो. "तिन्ही खरी आहेत," ते म्हणत, "पण आधी कोणतं?" मी विचारलं की तुमचं मत काय. म्हणाले, "रोज बदलतं. शाळेत असलो की माणूसच वाईट वाटतो. बाजारात गेलो की गाव."

हे वेड त्यांना कुठून लागलं ते मला फार उशिरा कळलं. एका संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. सर स्वतःहून बोलायला लागले.

त्यांचं गाव राळेगावकडचं. थोरला भाऊ त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. महायुद्ध सुरू झाल्यावर बाजारात भरती करणारे आले आणि भाऊ त्यांच्यासोबत निघून गेला. तिकडे इराकात, बसऱ्याच्या बाजूला कुठेतरी मेला. घरी एक कागद आला. सर तेव्हा सात-आठ वर्षांचे होते आणि घरात वाचता येणारे ते एकटेच. कागद त्यांनीच आईला वाचून दाखवला.

"आई रडली नाही," सर म्हणाले. "तिनं विचारलं, 'त्यायची लढाई लागली काहून रे?' मला माहीत नव्हतं. मग दर सणाला विचारायची. मास्तरांना, पाटलांना, गावात कोणी शिकलेला माणूस आला की त्याला. मी नागपूरला शिकलो, इतिहासात एम.ए. झालो, ते त्याच्यासाठीच समजा. घरी गेलो तेव्हा ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मी म्हटलं, 'आई, एका युवराजाचा खून झाला म्हणून लढाई लागली.' ती थांबली. 'तो आपला कोण होता?' म्हटलं, 'कोणी नाही.' 'मंग त्याच्यात माह्या पोराचं काय काम होतं?'"

सरांनी खडूनं ओट्यावर एक शून्य काढलं.

"त्या दिवशी आईनं मला शून्य दिलं. बरोबर दिलं."

चीनची लढाई सुरू झाली तेव्हा सगळं गाव हॉटेलासमोर जमलं होतं. कोणी सोनं देत होतं, कोणी नुसतंच ओरडत होतं. सर रस्त्यानं जाताना दिसले तशी माणसं धावली. "मास्तर, सांगा आता! हे काहून झालं?" सगळ्यांना वाटलं, आता खडू निघणार. सर म्हणाले, "आज विचारू नका. आज मला राग आलेला आहे. रागावलेल्या माणसानं कारणं सांगू नयेत, ती चुकतात." एम.ए.ला मिळालेलं पदक त्यांनी निधीच्या पेटीत टाकलं आणि घरी आले. चार महिने त्या लढाईबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पाचव्या महिन्यात त्यांनी तीन बोटं वर केली, आणि त्यात आपल्याही चुका होत्या. त्यावरून दोन पालक भांडायला आले. सरांनी त्यांना चहा पाजला.

आता कुऱ्हाडीच्या दांड्यांची गोष्ट सांगतो.

चीनच्या लढाईनंतरच्या चैत्रात, बाजाराच्या दिवशी सकाळी सर सुताराकडे खुर्चीचा पाय बसवायला गेले. सुतार कौतुकानं म्हणाला, "मास्तर, आज काय दिवस उगवला! कुऱ्हाडीचे सारे दांडे गेले. एक राह्यला नाही."

"कोणी नेले?"

सुतारानं चार मैलांवरच्या एका गावाचं नाव घेतलं. मग म्हणाला, "अन् नाल्यापलीकडच्या तांड्यावरच्यायनं."

"दोघांनी?"

"हाव. आधी दोन आले, मंग ते चार आले, मंग हे आठ."

सर खुर्ची तिथंच टाकून माझ्याकडे आले. "सायकल काढा. दांडे चढत्या हिशेबानं चाललेत. दोन, चार, आठ."

सरांना सायकल येत नसे. ते मागे कॅरियरवर एका बाजूला पाय सोडून बसत आणि माझ्या पाठीला उद्देशून बोलत. त्या दिवशी चार मैल ते गप्प होते.

गावात पारावर तीस-चाळीस माणसं होती आणि काठ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. सरपंच चाळिशीचा, समजूतदार माणूस. त्याचे दोन भाऊ आमच्याच शाळेत शिकून गेलेले. सरांनी सरळ विचारलं, "कोणाला मारायला निघालात?"

"आमी कायले मारू जी? तांड्यावरचे येऊन राह्यले. दांडे नेले त्यायनं बाजारातून."

"तुम्हीही आणलेत."

"त्यायनं नेले म्हून आणले."

नाला ओलांडून आम्ही बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेलो. तिथं नायक, तांड्याचा पुढारी, आम्हाला आधी एका बैलाकडे घेऊन गेला. बैलाच्या मागच्या पायावर खोल घाव होता. "पाहा मास्तर. डोहावर पाणी प्यायले गेलता. कोणी केलं हे? अन् आता गावानं बाहेरून माणसं बोलावली. दोन दिवसांपासून गाड्या येऊन राह्यल्या. आमी काय हात बांधून बसू?"

चैत्रात नाल्याला एका डोहापुरतंच पाणी उरलं होतं, आणि दोन्हीकडची जनावरं तिथंच येत. भांडणाचं मूळ ते. गाड्यांचं मात्र आम्हाला कळलं होतं, येताना मांडव बघितला होता. गावात लग्न होतं, आणि ती वऱ्हाडाची माणसं होती. सरांनी ते नायकाला सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. "वऱ्हाडी असतीन तरी हात हायेत ना त्यायले?"

मग सरांनी आयुष्यात शिकवला तो सगळा धडा तांड्यावर उभं राहून शिकवायला घेतला. "तुम्ही त्यांना भिता म्हणून काठ्या आणता. त्या बघून ते भितात..."

एक तरुण पुढे झाला. "आमी कोणालेच भेत नाही, मास्तर!" मागून पाच-सहा जण ओरडले. जे शांत बसले होते, तेही आता उठून उभे राहिले. आम्ही परत गावात आलो तर तिथंही तेच. 'भिता' हा शब्द निघाला आणि पारावरचा प्रत्येक जण काठी हातात घेऊन आपण भीत नसल्याचं दाखवायला लागला. डोहाला लागून ज्याचं शेत होतं तो एक जण तर मोठ्यानं म्हणाला, "मास्तर, तुमची शाळा तिकडे नेरले." त्याला ही लढाई मनापासून हवी होती. डोह आपल्या बांधाच्या आत घ्यायचा होता.

सर नाल्यात येऊन एका दगडावर बसले. दोन्ही काठांवर माणसं जमायला लागली होती. ऊन भणभणत होतं. सर कोटाच्या खिशातला खडू काढून नुसता हातात फिरवत होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"कारण बरोबर आहे हो," ते म्हणाले, "पण ज्याचं आहे त्याला ते सांगता येत नाही. सांगितलं की पेटतं. चाळीस वर्षं घातली मी यात."

मला काकींचं बोलणं आठवलं ते मी बोलून गेलो. "सर, यांच्यात कोणी म्हातारा नसेल का?"

सरांनी मान वर केली.

सरपंचाचे वडील ऐंशीच्या पुढचे. दिसायचं जवळपास बंद झालेलं. दाराशी बाजेवर बसून होते. सर त्यांच्याशी काय बोलले ते मी ऐकलं नाही, पण म्हाताऱ्यानं लेकाला हाक मारून काठी मागितली, टेकायची. सरांचा बेत असा होता की हे तांड्यावर जेवायला जातील आणि नायकाचे वडील इकडे येतील. जिथं आपला बाप जेवतो आहे तिथं कोण गोटा फेकेल? सरपंच आधी नाही म्हणाला. म्हातारा म्हणाला, "मी इचारलं का तुले?"

मी त्यांना सायकलच्या कॅरियरवर बसवून हळूहळू नाल्यात उतरवलं. सर आधीच तांड्यावर जाऊन बोलून आले होते; समोरून नायकाचे वडील नातवाचा खांदा धरून येत होते. डोहाशी दोघं समोरासमोर आले आणि तांड्यावरचे म्हातारे म्हणाले, "राम राम."

सरपंचाच्या वडिलांनी मान वाकडी करून आवाज घेतला. "कोण? पुन्हा बोल बरं."

ते पुन्हा बोलले. आणि मग त्या दोघांचं जे सुरू झालं ते काही थांबेना. नायकाचे वडील लहानपणी आपल्या बापासोबत लदेणीवर, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून, गावोगाव फिरायचे. या गावाला त्यांचा मुक्काम याच डोहापाशी पडायचा. दोघं तेव्हा एकाच डोहात पोहले होते. एकदा सरपंचाचे वडील बुडत होते ते यांनी केस धरून काढले होते. "तवापासून केस गेले माह्ये," सरपंचाचे वडील म्हणाले, आणि दोघं खोकला येईपर्यंत हसले.

जेवायला कोणी कोणाकडे गेलंच नाही. करंजाच्या सावलीत बसून त्यांनी तंबाखू काढली. लदेणीतल्या बैलांची नावं आठवली, मेलेली माणसं मोजली, एका दुष्काळाबद्दल बराच वेळ बोलले. दोन्ही काठांवर काठ्या घेऊन माणसं उभी होती ती आधी खाली बसली. मग त्यांना भूक लागली. तांड्यावरून एका बाईनं दोघा म्हाताऱ्यांसाठी भाकरी पाठवली. ते बघून सरपंचाच्या घरून पिठलं आलं. ऊन कललं तेव्हा काठावर निम्मेच लोक होते, आणि त्यातले बरेच म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकायला खाली उतरून आलेले.

डोहाचं ठरलं ते मग सरपंच आणि नायक यांनीच. सकाळी तांड्याची जनावरं, दुपारनंतर गावाची. डोहाला लागून शेत असलेला माणूस कुरकुरत घरी गेला. बैलाला घाव कोणी घातला ते शेवटपर्यंत कळलं नाही. सरांनी ते विचारलंही नाही.

परतताना निम्मी वाट झाली. सर एकदम म्हणाले, "थांबवा."

उतरून ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. "आपण मूर्ख आहोत. म्हणजे मी. लढाई लागली काहून, एवढंच विचारत आलो. लागली नाही ती काहून लागली नाही, हे कोण विचारतं? आज एक लागली नाही. कोणत्या पुस्तकात येईल ती? दोन म्हातारे बोलत बसले, याला मी कोणत्या बोटावर मोजू?"

घरी आल्याबरोबर त्यांनी नवी वही काढली आणि वर लिहिलं, 'न लागलेल्या लढाया'. त्यानंतर कोणीही भेटलं की सर एकच विचारायचे, "तुमचं कोणाशी भांडण होता होता राहिलं का? काहून राहिलं?" माणसं आधी बिचकायची, मग तास तासभर सांगायची. पटवारीसाहेबांचीही एक नोंद त्यात आहे, माझ्याबद्दलची. ती मी वाचली आहे आणि ती इथं सांगणार नाही.

निवृत्त झाल्यावर सर केळापूरला भाचीकडे राहायला गेले. वर्षभरानं माझं लग्न ठरलं, तेव्हा पत्रिका घेऊन मी स्वतः गेलो. पांढरकवड्याला एस.टी.तून उतरून पुढे चालत. सर अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. कोट नव्हता, पण सदऱ्याला खिसे होते आणि ते पांढरेच होते. अंगानं भरले होते थोडे. समोर दोन बाया उभ्या होत्या आणि एकीच्या काखेत कोंबडी.

"बसा," सर मला म्हणाले, "यांचं होऊ द्या आधी."

शेजारणी होत्या. कोंबडी एकीची, अंडी दुसरीच्या कुंपणात घालायची, आणि अंडी कोणाची यावर सकाळपासून चाललं होतं. भाची मला पाणी देताना हळूच म्हणाली, "रोजचंच हाये हे. पलीकडच्या गावातून बी येतात मामाकडे. मामा काई निकाल देत नाही, नुसतं इचारते, तरी येतात."

दोघी एकदम बोलत होत्या. एकमेकींच्या माहेरापर्यंत पोचल्या होत्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं, मग वहीवर पेन्सिल टेकवून पहिलीला विचारलं, "बाई, एवढा राग आहे, तर मग सकाळपासून हिला एकदाही मारलं काहून नाही?"

बाई थबकली. असं तिला कोणी विचारलं नव्हतं. तिनं शेजारणीकडे बघितलं, काखेतली कोंबडी सावरली.

"मारलं असतं जी," ती म्हणाली, "पण मंग सांजच्याले बोलू कोणासंग?"

दुसरी फिसकन हसली. पहिलीनं तिच्याकडे रागानं बघायचा प्रयत्न केला, पण तिलाही हसू आलं. सर पेन्सिल हातात तशीच धरून बसले होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी सात वर्षं त्यांच्या शेजारच्या खोलीत काढली, पण त्यांना असं पोट धरून हसताना पहिल्यांदाच बघत होतो. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसलं.

दोघी बाया बोलत बोलत फाटकातून बाहेर पडल्या. कोंबडी आता दुसरीच्या काखेत होती.

"अंडी कोणाची ते राहिलंच की सर," मी म्हणालो.

"राहू द्या," सर म्हणाले, आणि भाचीला चहा टाकायला सांगितलं.